पाच एचपीची मोटर आणि पाच हजार वॅटचा स्पीकर

सातारा-सांगलीच्या बागायती पट्ट्यात मोटरीच्या आकड्याची जाण घरोघरी आहे. पाच एचपीची मोटर किती खोलीवरून पाणी उचलेल आणि किती उंच चढवेल, हे उसाला पाणी देणारा तोंडी सांगतो. तिच्या नेमप्लेटवर ३.७ किलोवॅट लिहिलेलं असतं. ती शाफ्टवर मिळणारी शक्ती असते, आणि ती तासन्‌तास मिळते. १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीचे पंप वापरत वाढलेल्या या भागात नेमप्लेटवर विश्वास ठेवायची सवय आहे, आणि ती रास्त आहे.

अशाच घराच्या सोप्यात ‘पाच हजार वॅट’ असं खोक्यावर छापलेला स्पीकर येतो. म्हणजे विहिरीवरच्या मोटरीपेक्षाही जोरकस यंत्र! त्याची पिन मात्र टीव्हीशेजारच्या सहा अँपिअरच्या सॉकेटमध्ये बसते. २३० व्होल्ट गुणिले ६ अँपिअर म्हणजे १३८० वॅट. त्या सॉकेटची मर्यादाच तेवढी. मग उरलेले साडेतीन हजार वॅट कुठून आले?

कुठूनच आले नाहीत. तो आकडा ‘पीएमपीओ’चा, म्हणजे ‘पीक म्युझिक पॉवर आउटपुट’चा असतो, आणि पीएमपीओ मोजण्याची सर्वमान्य पद्धतच नाही. क्षणाच्या अंशापुरता, आवाज कितीही फाटला तरी चालेल अशा बेताने काढलेला अंदाज सगळ्या स्पीकरसाठी एकत्र करून छापला जातो. ही फसवणूक आहे, असं स्पष्ट म्हणायला हवं.

प्रामाणिक वॅट मोजायचा तर अटी सांगाव्या लागतात. किती ओहमच्या भारावर, कोणत्या वारंवारतेपासून कोणत्या वारंवारतेपर्यंत, किती विकृती होईपर्यंत, आणि किती वेळ? आकडे फुगवण्याची शर्यत अमेरिकेतही होती. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये घरगुती अ‍ॅम्प्लिफायरसाठी नियम केला आणि जाहिरातीतल्या वॅटशेजारी या अटी मांडणं बंधनकारक केलं. पळवाटा उरल्याच, म्हणून २०२४ मध्ये तो नियम आणखी कडक झाला. आपल्याकडे खोक्यावर ‘आरएमएस’, म्हणजे सतत देता येणारी शक्ती, लिहिलेलं असलं तर ते पीएमपीओपेक्षा बरं. पण शेजारी विकृतीची टक्केवारी नसेल तर तेही अर्धवटच.

अ‍ॅक्टिव्ह स्पीकरमध्ये, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर ज्याच्या पेटीतच असतो त्यात, आणखी एक गोम असते. चांगल्या पेटीत खालच्या सुरांच्या वूफरला एक आणि वरच्या सुरांच्या ट्वीटरला दुसरा अ‍ॅम्प्लिफायर असतो. दोन्ही पन्नास-पन्नास वॅटचे, म्हणून वर ‘१०० वॅट’. बेरीज चुकीची नाही. पण संगीतातली बहुतेक ऊर्जा खालच्या आणि मधल्या सुरांत असते, त्यामुळे ट्वीटरच्या वाट्याचे पन्नास वॅट जवळजवळ कधीच खर्च होत नाहीत. डाव्या-उजव्या पेट्यांचीही बेरीज केली की तोच संच ‘२०० वॅट’चा होतो.

पडताळायची एक वाट घरच्या घरी आहे. स्पीकर अ‍ॅडॉप्टरवर चालत असेल तर त्यावरची अक्षरं वाचा. २४ व्होल्ट, ५ अँपिअर असेल तर गुणाकार १२० वॅट. आतला क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायर यातली साधारण नव्वद टक्के शक्ती पुढे पोचवतो. अशा संचाने सतत दोनशे वॅट देणं अशक्य आहे. पेटीच्या पाठीवर छापलेला वीजवापर मात्र जपून वाचायला हवा. तो पुष्कळदा कमाल शक्तीच्या एक अष्टमांश पातळीवर यंत्र चालवून मोजलेला असतो, म्हणून पाठीवर ४० वॅट आणि पुढे १०० वॅट हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

मोजणी इतक्या कमी पातळीवर का, हे एखाद्या ख्यालाच्या मैफलीवरून छान कळतं.  तानपुऱ्याचा नाद अखंड आणि बराचसा समपातळीचा असतो. त्याच मैफलीत तबल्यावर ‘ना’ वाजतो तेव्हा क्षणभराची पातळी सरासरीहून १५ डेसिबल वर उसळू शकते. पंधरा डेसिबल म्हणजे सुमारे बत्तीसपट शक्ती! सरासरी एक वॅटवर रंगलेल्या ख्यालाला त्या एका थापेपुरते बत्तीस वॅट लागतात. ते पॉवर सप्लायमधले कपॅसिटर पुरवतात, आणि पुढच्या थापेआधी पुन्हा भरतात. म्हणूनच ‘पीक’ हा शब्द दिसला की लगेच खोटं समजू नये. थाप कापली न जाता वाजायला ती क्षणिक ताकद लागतेच.

तरीही खरा मुद्दा वेगळाच आहे. अगदी प्रामाणिक वॅटसुद्धा आवाज किती मोठा येईल हे सांगत नाही. घरगुती स्पीकर मिळालेल्या शक्तीतली साधारण एक टक्काही ध्वनीत बदलत नाही. बाकीच्या जवळजवळ सगळ्या शक्तीची व्हॉइस कॉइलमध्ये, म्हणजे स्पीकरचा पडदा हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्यात, उष्णता होते. एका वॅटला एक मीटरवर एक स्पीकर ८४ डेसिबल देतो, दुसरा ९०. दुसऱ्याला २५ वॅट दिले की पहिल्याच्या शंभर वॅटइतका आवाज येतो. शिवाय शक्ती दुप्पट केली तरी वाढ फक्त ३ डेसिबलची. ८० वॅटऐवजी १०० वॅटचा घेतला तर जेमतेम १ डेसिबल, आणि तेवढ्यासाठी हजारो रुपये जास्त मोजणारे ग्राहक आहेत.

वेगळा अ‍ॅम्प्लिफायर विकत घ्यायचा असे तेव्हा त्याची स्पीकरशी जोडी जमवायला वॅट लागत. अ‍ॅक्टिव्ह पेटीत ती जोडी कारखान्यातच जमलेली असते. मग ग्राहकाला वॅट कशाला? त्याला हवेत एक मीटरवरचे कमाल डेसिबल, आणि त्या वेळची विकृती. व्यावसायिक स्टुडिओ मॉनिटरचे चांगले निर्माते ही माहिती देतात. घरगुती पेट्यांवर ती क्वचित दिसते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतही मर्यादा डेसिबलमध्येच आहे: निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५. गणेशोत्सवातली डॉल्बी किती वॅटची, यावर या मर्यादा ठरत नाहीत.

दुकानात जाताना तानपुरा आणि तबला स्पष्ट ऐकू येईल असं ओळखीचं ध्वनिमुद्रण न्या. आवाज हळूहळू चढवा आणि कान तबल्यावर ठेवा. आजच्या अ‍ॅक्टिव्ह पेटीत मर्यादा आली की आवाज लगेच फाटत नाही, कारण आतला लिमिटर उसळी दाबून टाकतो. तानपुरा मोठा होत राहतो, पण ‘ना’ मागे सरकतो, बोथट होतो. नेमक्या त्या जागी तुमच्या सोप्यात लागतो त्याहून आवाज कमी असेल, तर खोक्यावर काहीही छापलेलं असो, पुढची पेटी ऐकायला मागा.