शेजारी कोण? : कोकणातील ख्रिस्ती सेवाधर्माचा आढावा

एकट्या माणसाच्या लोभाविषयी आपल्याकडे विपुल लिहिले गेले. परंतु ‘आपली माणसे’ या गोड नावाखाली वावरणारा समूहाचा स्वार्थ त्याहून कितीतरी चिवट असतो, याचा विचार क्वचितच होतो. मुलाबाळांसाठी पोटाला चिमटा घेणारा, जातभाईसाठी कचेरीत रदबदली करणारा, गावच्या उत्सवास पदरमोड करून हातभार लावणारा सद्गृहस्थ परक्याच्या दाराशी मरण येऊन उभे राहिले तरी आपली वाट सोडीत नाही, आणि तरीही त्याला कोणी स्वार्थी म्हणत नाही. ख्रिस्ताने बोट ठेवले ते याच दुखऱ्या जागेवर. ‘माझा शेजारी कोण?’ या प्रश्नाला त्याने व्याख्येने उत्तर न देता एक दृष्टान्त सांगितला. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी घायाळ करून टाकलेल्या माणसाजवळून याजक निघून गेला, लेवीही निघून गेला. थांबला तो शोमरोनी, ज्याच्या जमातीशी यहुदी लोक व्यवहारही ठेवीत नसत. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून त्या बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, तेथील मालकाच्या हाती दोन नाणी ठेवली, आणि अधिक खर्च लागल्यास परत येताना तोही फेडण्याची हमी दिली.

चार शुभवर्तमानांपैकी हा दृष्टान्त एकट्या लूकच्याच ग्रंथात आढळतो. लूक हा वैद्य होता अशी परंपरा आहे, आणि वेंगुर्ल्यास अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने उभारलेल्या रुग्णालयास त्याचेच नाव दिले गेले. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की बाहेरच्या मुलखाशी संबंध जवळजवळ तुटणाऱ्या या बंदरी डॉ. रॉबर्ट गोहीन यांनी वैद्यकी केली. मिशनच्या या सेवेमागे धर्मप्रसाराचाही हेतू होता, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु ज्याच्या घावावर पट्टी बांधली जाते त्याचा दाह त्या हेतूची चौकशी करीत बसत नाही, आणि बांधणाऱ्या हाताने जात विचारली नसेल, तर तेवढ्यापुरता तरी दृष्टान्त खरा झाला असे मी मानतो. गोव्याकडून आलेली कॅथलिक परंपरा या किनाऱ्यावर याहून पुष्कळ जुनी. तिचा स्वतंत्र सिंधुदुर्ग धर्मप्रांत मात्र पुणे धर्मप्रांतातून २००५ साली निर्माण झाला.

या शिकवणीची खरी कसोटी मला दिसते ती टिळक दांपत्याच्या घरात. सिंधुदुर्ग १९८१ साली ज्या रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला, त्याच जिल्ह्यातील करजगावी १८६१ साली जन्मलेले नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. घरात दाणा नसला तरी हातातील पैसा गरजवंताला देऊन मोकळे होणारे ते कवी. त्यांच्या औदार्याची किंमत कित्येकदा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मोजली, आणि चरित्रकारांनी हे औदार्य गाताना त्या किमतीचा जमाखर्च सहसा मांडला नाही. म्हणूनच लक्ष्मीबाईंचा प्रवास मला अधिक कठीण वाटतो. कडक सोवळ्यात वाढलेली, पतीच्या धर्मांतराने होरपळून निघालेली, त्याच्याजवळ राहावयास आल्यावरही आपली चूल व आपले पाणी निराळे ठेवणारी ही बाई. तिने मनाशी वाद घालीत प्रथम माणसामाणसांतील उच्चनीच भेद टाकला, कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा निश्चय केला, आणि मग १९०० साली बाप्तिस्मा घेतला. क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे: पाणी आधी, संस्कार नंतर. पुढे परक्यांची पोरकी मुले तिच्या घरी तिचीच होऊन वाढली. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हे सारे ती इतक्या सहजपणे सांगते, की आपण काही त्याग केला याची तिला जाणीवही नसावी. टिळकांनी अखेरच्या काळात साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात रुजू करून घेतले. प्रेमाला मंडळीची वेस नको, हेच त्यांचे म्हणणे होते.

कोकणाबाहेर, पुणे जिल्ह्यातील केडगावी, पंडिता रमाबाईंनी परक्यांना आपलेसे करण्याचे हेच कार्य विशाल प्रमाणावर केले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुलींना तेथे आसरा आणि हाताला उद्योग मिळाला.

मात्र शेजाऱ्याला आपल्या वाट्यात धरण्याचा हा धर्म ख्रिस्ती माणसाचा मक्ता नव्हे. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना होडीने जाळ्याचा अर्धगोल समुद्रात टाकला जातो, दोन्ही टोकांचे दोर वाळूवर उभी असलेली माणसे तासन्‌तास ओढीत राहतात, आणि मासळी बाहेर आली की वाटे पडतात. जाळ्याचा व होडीचा वाटा असतो तसाच दोराला हात लावणाऱ्याचाही असतो. गाबीत आणि ख्रिस्ती दर्यावर्दी दोघेही याच समुद्रावर जगतात. आज त्यांच्या पुढ्यातील मासळी यांत्रिक नौका आणि मासळीचा थवाच वेढून घेणारी पर्ससीन जाळी उपसून नेतात. शासनाने २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध घातले. तथापि केवळ हुकमाने समुद्र राखला जात नाही, कारण प्रत्येक नौकेच्या मालकालाही ‘आपल्या माणसां’चे पोट भरावयाचे असते.

यास्तव नौकामालकांना, मग ते चर्चला जाणारे असोत वा देवळात, माझी कळकळीची विनंती आहे की, हा हंगाम सरण्यापूर्वी त्यांनी रापणकरांसह एकत्र बसावे आणि किनाऱ्यालगतचे पाणी त्यांच्याकरिता स्वेच्छेने मोकळे सोडावे.