युरोपांतील कॉफी व केळीं : रास्त दराच्या मालाची विक्री

माल शेतकऱ्यानें पिकवावा आणि त्याचा भाव मात्र दुसऱ्यानें ठरवावा, हें दुःख आमच्या वाचकांस नवें नाहीं. यावर युरोपांत सन १९८८ पासून एक उपाय चालू आहे. तो कोठें किती फळला, हें कॉफी व केळीं या दोन जिनसांच्या विक्रीवरून आम्ही येथें पाहणार आहों.

मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतांतील डोंगरी कॉफी-उत्पादकांच्या सहकारी संस्थेबरोबर काम करणारे धर्मोपदेशक फ्रान्स व्हॅन डर हॉफ व हॉलंडचे निको रोझन यांनीं त्या वर्षीं हॉलंडांत 'मॅक्स हॅवेलार' ही खूण सुरू केली. जावांतील रयतेवरील जुलमाविषयींच्या सन १८६० च्या डच कादंबरीचें हें नांव होय. या खुणेच्या मालास ठरलेल्या किमान दराखालीं घेतां येत नाहीं. शिवाय गांवच्या कामासाठीं संस्थेस वेगळी रक्कम मिळते. केळ्यांच्या १८.१४ किलोच्या पेटीमागें ही रक्कम १ डॉलर आहे.

जुलै १९८९ मध्यें आंतरराष्ट्रीय कॉफी कराराखालील निर्यातीचे वांटे बंद पडले व भाव कोसळले. सन २००१ च्या अखेरीस न्यूयॉर्कचा भाव रत्तलास ५० सेंटांच्याही खालीं होता. त्या वेळीं या खुणेचा मध्य अमेरिकेच्या धुतलेल्या अरेबिका कॉफीचा किमान दर १२१ सेंट होता. ऑगस्ट २०२३ पासून तो १८० सेंट झाला. परंतु येथें एक मेख आहे. संस्थेचा जितका माल या खुणेखालीं विकला जाईल, तितक्यासच हा दर मिळतो. उरलेला माल बाजारभावानेंच जातो. म्हणून युरोपांत खप किती होतो, यावर सर्व अवलंबून आहे.

स्वित्झर्लंड व जर्मनी या देशांत ही व्यवस्था सन १९९२ मध्यें आली, आणि ब्रिटनमध्यें खुणेचा पहिला माल सन १९९४ मध्यें विकला गेला. केळीं मागाहून आलीं : हॉलंडांत सन १९९६ मध्यें, स्वित्झर्लंडांत १९९७ मध्यें व ब्रिटनमध्यें २००० मध्यें. तरीही कांहीं देशांत धाकट्या भावानें थोरल्यास मागें टाकलें. स्वित्झर्लंडांत विकल्या जाणाऱ्या केळ्यांपैकीं निम्म्याहून अधिक व ब्रिटनमध्यें सुमारें एकतृतीयांश केळीं या खुणेचीं असतात.

याचें कारण मालाच्या स्वभावांत व दुकानांच्या रचनेंत आहे. स्वित्झर्लंडचा किरकोळ व्यापार मुख्यत्वें कोप व मिग्रो या दोन सहकारी संस्थांच्या हातीं आहे. सन २००४ मध्यें कोपनें आपलीं सर्व केळीं या खुणेचीं केलीं. ब्रिटनमध्यें सेन्सबरी व वेट्रोज या दुकानांनीं सन २००७ मध्यें तेंच केलें. केळें मिश्रण करून विकीत नाहींत; दुकानदारानें एकदां ठरविलें कीं गिऱ्हाइकास वेगळी निवड करावी लागत नाहीं. कॉफीचें तसें नाहीं. भाजणारे कारखाने अनेक देशांचे दाणे मिसळतात, घराघरांची चव ठरलेली असते, आणि गिऱ्हाइकास एकेक पुडा निवडून घ्यावा लागतो. त्यामुळें तिचा खप पायरीपायरीनें वाढतो.

मात्र दुकानदाराचा निश्चय नेहमींच टिकतो असें नाहीं. जर्मनींत स्वस्त विक्रीच्या दुकानांची चढाओढ तीव्र आहे. तेथें लिड्ल या कंपनीनें सन २०१८ मध्यें आपलीं सर्व केळीं या खुणेचीं करण्याचें जाहीर केलें. परंतु गिऱ्हाइकें शेजारच्या स्वस्त केळ्यांकडे वळल्यामुळें सन २०१९ मध्यें तिला माघार घ्यावी लागली. दर धरून ठेवण्यास एकट्या दुकानाचें बळ पुरत नाहीं, असा याचा अर्थ.

यांतून आमच्या वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. कॉफीसाठीं ही खूण एकट्यादुकट्या शेतकऱ्यास मिळत नाहीं. ती लहान शेतकऱ्यांच्या संघटित संस्थेसच मिळते. दूरच्या गिऱ्हाइकाची सदिच्छा उपयोगी खरी. परंतु ती घरापर्यंत आणण्यास आधीं आपली संस्था बळकट असावी लागते.