विद्या, व्रत आणि एक सही : अमेरिकेतील ख्रिस्ती हायस्कूलचा डिप्लोमा

आज विजयादशमी. घरोघरी पाटीवर सरस्वतीचे चिन्ह रेखाटले जाईल, पोथ्यापुस्तकांवर गंधफूल वाहिले जाईल आणि लहानग्यांच्या हाती पहिले अक्षर दिले जाईल. विद्यारंभाच्या या मंगल दिवशी एक प्रश्न वाचकांपुढे मांडावयाचा आहे. ज्यांची नातवंडे सातासमुद्रांपलीकडे शिकत आहेत, अशा घरांतून तो अलीकडे वारंवार कानी येतो.

गेल्या वर्षीच्या चातुर्मासात कीर्तन संपले, आरती झाली, मंडळी बुक्का लावून घराकडे वळली. पण आमच्या नित्याच्या श्रोत्यांपैकी नाना मागे रेंगाळले. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत स्थायिक झालेला. नात पुढील वर्षी नववीत जावयाची. घराजवळच्या ख्रिस्ती हायस्कूलची शिस्त आणि अभ्यास चांगला, म्हणून सूनबाईंचा ओढा तिकडे. पण त्या शाळेचा डिप्लोमा हाती पडण्यासाठी चारही वर्षे बायबल शिकणे सक्तीचे. "बुवा, पोरीला तेथे घालावे की न घालावे?" नानांचा स्वर कातर झाला होता. आम्ही म्हटले, "नाना, आधी त्या शाळेचे नियम मागवून घ्या. वाचल्यावाचून हो म्हणणे जसे चूक, तसेच नाही म्हणणेही चूकच." मुलाने नियमपुस्तिका पाठविली आणि ती घेऊन आम्ही दोघे म्हातारे काही दिवस अभ्यासास बसलो. त्या निमित्ताने तेथील अन्य शाळांची रीतही पाहिली. त्यातून जे हाती लागले, ते येथे देत आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ. डिप्लोमा म्हटले की आपल्यापुढे तंत्रनिकेतनाची पदविका उभी राहते. अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी ही चार वर्षे, आणि ती पुरी केल्याचा शालान्त दाखला म्हणजे तेथील डिप्लोमा. आपल्याकडे शाळेने शिकवावे आणि मंडळाने परीक्षा घ्यावी, अशी वाटणी आहे. तेथील ख्रिस्ती हायस्कुलांत बहुधा शाळाच शिकवते, शाळाच तपासते आणि शाळाच दाखला देते. म्हणूनच त्या दाखल्यासाठी काय काय पुरे करावे लागेल, हे शाळा आधीच छापून ठेवते.

हे नियम वाचताना पारस्कर गृह्यसूत्रातील एका विभागणीचे स्मरण झाले. गुरुगृहातून परतणाऱ्या स्नातकांचे तेथे तीन प्रकार सांगितले आहेत. ज्याने विद्या पुरी केली पण व्रताचा काळ पुरा केला नाही, तो विद्यास्नातक. ज्याने काळ पुरा केला पण विद्या अपुरी राहिली, तो व्रतस्नातक. ज्याने दोन्ही पुरी केली, तो विद्याव्रतस्नातक. तेथील ख्रिस्ती शाळेचा डिप्लोमाही अशीच दुहेरी अपेक्षा बाळगतो. हे ध्यानी धरले म्हणजे पुढील सारे नियम सुबोध होतात.

विद्येचे माप तेथे 'क्रेडिट' या नावाने चालते. त्याची कथा मोठी मौजेची आहे. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ साली महाविद्यालयीन अध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक प्रतिष्ठान स्थापन केले. ज्या महाविद्यालयांना त्याचा लाभ हवा, त्यांनी प्रवेशासाठी शालेय अभ्यासाची किमान १४ एकके मागितली पाहिजेत, असा दंडक पडला. एका विषयाचे वर्षभरातील सुमारे १२० तासांचे अध्ययन म्हणजे एक एकक. वृद्ध गुरुजनांच्या उदरनिर्वाहाची सोय लावता लावता कोट्यवधी शाळकरी मुलांच्या विद्येचे माप ठरून गेले आणि ते आजही प्रचारात आहे.

चार वर्षांत मिळून असे वीस ते अठ्ठावीस क्रेडिट मिळवावे लागतात. नेमकी संख्या शाळेगणिक वेगळी. इंग्रजीचे चार, गणिताचे तीन किंवा चार, विज्ञानाचे तीन, इतिहास, शासनव्यवस्था आणि अर्थशास्त्र मिळून तीन, परभाषेचे दोन, ललितकला, शारीरिक शिक्षण व आरोग्य यांचे प्रत्येकी अर्धे किंवा एक, आणि उरलेले विद्यार्थ्याने आपल्या आवडीने निवडावयाचे, असा सर्वसाधारण साचा असतो. १९८३ साली 'अ नेशन ॲट रिस्क' या गाजलेल्या राष्ट्रीय अहवालाने इंग्रजी चार वर्षे, गणित, विज्ञान व समाजशास्त्रे प्रत्येकी तीन वर्षे आणि संगणक अर्धे वर्ष, अशी शिफारस केली होती. तिचा ठसा या साच्यात स्पष्ट दिसतो. सारांश, लौकिक विद्येत ख्रिस्ती हायस्कूलचा डिप्लोमा शेजारच्या सरकारी शाळेहून फारसा भिन्न नसतो. भिन्नता पुढेच आहे.

प्रॉटेस्टंट पंथाच्या बहुतेक शाळांत बायबल हा इतर विषयांसारखाच क्रेडिटचा विषय असतो. जितकी वर्षे विद्यार्थी त्या शाळेत, तितकी वर्षे बायबल, असा सामान्य नियम. मध्येच अकरावीत आलेल्या मुलास दोनच वर्षांचे बायबल पुरते. जुना करार, नवा करार, ख्रिस्ती सिद्धांत, चर्चचा इतिहास, नीतिविचार आणि स्वमताचे युक्तिवादाने समर्थन, असे भाग त्यात येतात. कॅथलिक शाळांत हाच विषय 'थिऑलॉजी' किंवा 'रिलिजन' या नावाने बहुधा चारही वर्षे असतो. अमेरिकेतील कॅथलिक धर्माध्यक्षांनी २००७ साली हायस्कूलसाठी एक आराखडा मंजूर केला. त्यात ख्रिस्तचरित्र, चर्च, संस्कार, नीती इत्यादींवरील सहा मुख्य पाठ्यक्रम असून शिवाय पाच ऐच्छिक आहेत. त्या ऐच्छिकांपैकी एकात इतर ख्रिस्ती पंथांचा आणि अन्य धर्मांचाही विचार येतो.

ही झाली विद्या. व्रताचा भाग निराळा. अनेक शाळांत चॅपेल, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेची सभा, नेमाने भरते आणि तेथे उपस्थिती आवश्यक असते. शिवाय सेवेचे तास असतात. वृद्धाश्रमात, अन्नदानाच्या केंद्रात किंवा लहान मुलांच्या शिकवणीत ठरावीक तास काम केल्याची नोंद झाल्याखेरीज अनेक ठिकाणी डिप्लोमा मिळत नाही. पोथी वाचली, परीक्षाही दिली, पण हात कोणाच्या उपयोगी पडले नाहीत, तर ते शिक्षण अपुरे, असा त्यामागील भाव. तो आपल्यालाही परका वाटू नये.

'क्लासिकल' म्हणविणाऱ्या काही शाळांचा उल्लेख संस्कृताच्या अभ्यासकाने केल्यावाचून राहवत नाही. डोरोथी सेयर्स या इंग्रज विदुषीने १९४७ साली ऑक्सफर्ड येथे एक व्याख्यान दिले. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या मध्ययुगीन त्रयीकडे शिक्षणाने पुन्हा वळावे, असे तिचे प्रतिपादन होते. आयडाहो राज्यातील मॉस्को या गावी १९८१ साली निघालेल्या लोगोस शाळेने ती कल्पना उचलली आणि पुढे तशा अनेक शाळा निघाल्या. तेथे लॅटिन शिकवितात, आणि शेवटच्या वर्षी विद्यार्थ्याने प्रबंध लिहून परीक्षकांसमोर तोंडी त्याचे समर्थन करावे, अशी प्रथा आहे. आपल्याकडे पद, वाक्य आणि प्रमाण, म्हणजे व्याकरण, मीमांसा आणि न्याय, ही शास्त्रे जाणणाऱ्यास पंडित म्हणत. दूरदेशीची ही त्रयी पाहून त्याच परंपरेची आठवण होते.

आता कोणी म्हणेल, आमचीही मुले येथे कॉन्व्हेंट शाळांत शिकली, त्यांना कोठे बायबल सक्तीचे होते? येथेच दोन देशांच्या कायद्यांतील भेद समजून घ्यावा. आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदानुसार, शासनमान्य किंवा शासकीय अनुदान घेणाऱ्या संस्थेत कोणासही त्याच्या संमतीवाचून, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षणास वा उपासनेस बसविता येत नाही. अमेरिकेत विभागणी वेगळी आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६२ आणि १९६३ सालच्या निर्णयांनी सरकारी शाळांतील प्रार्थना आणि उपासना म्हणून होणारे बायबलवाचन घटनाबाह्य ठरविले. मात्र अभ्यासाचा विषय म्हणून धर्मग्रंथ शिकविण्यास आडकाठी केली नाही. उलट १९२५ साली, ऑरेगन राज्याच्या कायद्यासंबंधीच्या खटल्यात, मुलांना सरकारी शाळेतच घातले पाहिजे अशी सक्ती करता येणार नाही, असा निर्णय त्याच न्यायालयाने दिला होता. म्हणून तेथे सरकारी शाळा उपासनेपासून अलिप्त, तर खाजगी धार्मिक शाळा आपले नियम ठरविण्यास पुष्कळशी मोकळी. तेथे जाणे ऐच्छिक. गेल्यावर नियम मात्र सर्वांना सारखे.

पालकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. डिप्लोमा शाळेने दिला तरी तो विद्यापीठाने मानला पाहिजे. कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशासाठी वर्षभराचे पंधरा पाठ्यक्रम मागते आणि हायस्कूलचे पाठ्यक्रम तपासून मान्य करते. म्युरिएटा येथील एका ख्रिस्ती शाळेचे काही पाठ्यक्रम त्याने नाकारले, तेव्हा ती शाळा आणि ख्रिस्ती शाळांची आंतरराष्ट्रीय संघटना २००५ साली न्यायालयात गेली. इतिहास, वाङ्मय, जीवशास्त्र यांचे पाठ्यक्रम वादात होते. २००८ साली निकाल विद्यापीठाच्या बाजूने लागला आणि २०१० साली अपिलातही तोच कायम झाला. म्हणून प्रवेशापूर्वीच विचारावे : शाळेस मान्यता कोणाची? विज्ञान कोणत्या पुस्तकांतून शिकविता? येथील मुले कोणत्या विद्यापीठांत गेली? या प्रश्नांत संकोच नसावा; तेथील ख्रिस्ती पालकही हेच विचारतात.

येथवर आल्यावर नानांचे मन पुष्कळ हलके झाले होते. बायबलचा अभ्यास ही त्यांना आता आपत्ती वाटेना. परीक्षेत गुण मिळतात ते ग्रंथ किती समजला याचे. दुसऱ्याचा धर्मग्रंथ समजून घेतल्याने आपला धर्म उणा होत नाही. पण पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर आणखी एक कागद होता. त्यास तेथे श्रद्धानिवेदन म्हणतात. कित्येक प्रॉटेस्टंट शाळा प्रवेशाच्या वेळी पालकांकडून तो स्वाक्षरी करून घेतात. बायबल हेच ईश्वराचे वचन आणि येशू हाच तारणारा, अशा आशयाची ती कबुली असते. सर्वच ख्रिस्ती शाळा ती मागत नाहीत. अन्य धर्मीयांची मुले मोकळेपणाने घेणाऱ्या शाळाही पुष्कळ आहेत, विशेषतः कॅथलिक. या शाळेस मात्र सही हवी होती.

मुलगा दूरध्वनीवर म्हणाला, "बाबा, सही तर करायची. तेवढ्याने आपण थोडेच ख्रिस्ती होतो?"

नाना दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न घेऊन आमच्याकडे आले. आम्ही त्यांना सांगितले, "नाना, पोरीने चार वर्षे बायबल शिकावे, पहिला क्रमांक मिळवावा, चॅपेलमध्ये आदराने बसावे, सेवेचे तास दुप्पट भरावेत. ती विद्या आहे, ती कोठूनही घ्यावी. पण ही सही व्रताची आहे. जे व्रत आपले नाही, ते घेतल्याचे लिहून देणे म्हणजे असत्य. त्यात आपल्या धर्माची प्रतारणा आहे आणि विश्वासाने तो कागद पुढे करणाऱ्या त्या शाळेचीही. चौदा वर्षांची मुलगी शेजारी उभी राहून ही सही पाहणार आहे. दाखल्यासाठी खोटे लिहिलेले चालते, हा तिचा त्या शाळेतील पहिला पाठ ठरेल, आणि तो आईबापांनी दिलेला असेल."

नानांनी हे सारे मुलास कळविले. मुलाने शाळेस सरळ पत्र लिहिले : आम्ही हिंदू आहोत, मुलगी सर्व अभ्यास मनापासून करील, परंतु या निवेदनावर सही करता येणार नाही. शाळेने नम्रपणे उत्तर दिले की सहीवाचून प्रवेश देणे आमच्या नियमांत बसत नाही. दोन्ही पक्षांनी खरे तेच सांगितले आणि कोणी कोणास दुखविले नाही. मुलगी यंदा थोड्या दूरच्या कॅथलिक हायस्कुलात दाखल झाली. तेथे थिऑलॉजी चारही वर्षे सक्तीची आहे. श्रद्धेची सही मात्र कोणी मागितली नाही.

शाळा सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, तोच तिने आजोबांना विचारले, "आजोबा, वर्गात मला विचारतात, तुमचा धर्म काय सांगतो? मी काय सांगू?"

नाना पुन्हा आमच्याकडे आले, पण या वेळी त्यांची चिंता निराळी होती. त्या शाळेने आपल्या धर्मासाठी वर्षाचे एक क्रेडिट राखून ठेवले आहे. आपण आपल्या घरी किती राखले? आम्ही कागदावर हिशेब मांडला. १२० तास म्हणजे ७२०० मिनिटे. वर्षाच्या ३६५ दिवसांत वाटली तर दररोज जेमतेम वीस मिनिटे. तेथे एक संपूर्ण विषय म्हणून गणला जाणारा अभ्यास रोजच्या वीस मिनिटांत पुरा होतो. तेवढा वेळ तर आपल्या घरांत चहाच्या कपाबरोबर निघून जातो.

आज दसऱ्याच्या मुहूर्तावर नानांनी नातीच्या वीस मिनिटांना प्रारंभ करावयाचे ठरविले आहे. तिकडे सकाळ होईल तेव्हा इकडे संध्याकाळ असेल. देवापाशी दिवा लावून ते दूरध्वनी जुळवतील आणि गीतेचा पहिला अध्याय अर्थासह सांगू लागतील. काल ते आमच्याकडून अन्वयार्थाची वही घेऊन गेले. जाताना म्हणाले, "बुवा, चाळीस वर्षे पाठ म्हणतो आहे, पण अर्थ सांगावयाचा म्हणजे मलाच आधी शिकले पाहिजे."