संगणकावरचा ढग कापसासारखा का दिसतो?

संगणकावर ढगाचे चित्र काढायला सांगितले की बहुतेक विद्यार्थी मऊ कडांचा गोल ब्रश निवडतात आणि निळ्या पार्श्वभूमीवर पांढरे ठिपके शेजारीशेजारी उमटवतात. चित्र होते, पण कापसाच्या बोळ्यांचे! असे का व्हावे?

आकाशातला ढग नीट पाहू या. मोठ्या फुगवट्यावर लहान फुगवटे असतात, त्यांच्यावर आणखी लहान. ढगाचा एखादा तुकडाही अख्ख्या ढगासारखाच दिसतो. म्हणून तर जवळपास डोंगर किंवा विमान नसेल, तर ढग केवढा आहे हे नजरेने सांगता येत नाही. अशा आकारांना बेन्वा मँडेलब्रॉट या गणितज्ञाने १९७५ साली ‘फ्रॅक्टल’ हे नाव दिले. पुढे १९८२ साली शॉन लव्हजॉय यांनी उपग्रह व रडार यांच्या चित्रांवरून ढगांची आणि पावसाच्या पट्ट्यांची क्षेत्रफळे व परिमिती ताडून पाहिल्या. सुमारे १ चौरस किलोमीटरपासून १० लाख चौरस किलोमीटरपर्यंत त्यांना एकच नियम लागू पडला. आपल्या चित्रातले ठिपके मात्र सगळे एकाच मापाचे!

मग ठिपके कसेही, कुठेही टाकले तर? जुन्या टीव्हीवर प्रक्षेपण नसताना ‘मुंग्या’ दिसत, तसे काहीतरी मिळेल. ढगात शेजारच्या दोन बिंदूंचा एकमेकांशी संबंध असतो. म्हणजे आपल्याला अनियमितपणा हवा, पण सलग. केन पर्लिन यांनी तो मिळवण्याची रीत १९८५ साली प्रसिद्ध केली. तिचे तत्त्व समजायला संगणकही लागत नाही.

आलेख कागदावर आडव्या अक्षावर ० ते ३२ आकडे मांडा. ०, ८, १६, २४, ३२ या प्रत्येक ठिकाणी फासा टाका. पडेल ते दान म्हणजे तिथली उंची. बिंदू गुळगुळीत रेषेने जोडा. आता दर ४ घरांवर फासा टाका, पण दान निम्मे करून मांडा. मग दर २ घरांवर, दानाचा चौथा हिस्सा घेऊन. शेवटी प्रत्येक घरावरच्या तिन्ही उंचींची बेरीज करून नवी रेषा काढा. तिला ढगाच्या कडेसारखा खडबडीतपणा आलेला दिसेल. हेच रेषेऐवजी पृष्ठभागावर केले आणि उंचीऐवजी पांढरेपणा घेतला, की पडद्यावर ढग उमटतो. पर्लिन यांची प्रत्यक्ष आकडेमोड याहून थोडी वेगळी आहे, पण मोठ्यावर लहान रचण्याचा मार्ग हाच.

ही युक्ती निसर्गाला का जुळते? हवेतले मोठे भोवरे फुटून लहान होतात, लहान फुटून आणखी लहान आणि दुबळे. ल्युईस रिचर्डसन यांनी हे १९२२ सालीच सांगितले होते. आपण दान निम्मे करतो, त्यात या दुबळेपणाचीच ढोबळ नक्कल आहे.

धुराला मात्र एवढे पुरत नाही. बंद खोलीत उदबत्ती लावा. धूर आधी सरळ दोऱ्यासारखा चढतो आणि काही अंतरावर एकदम विस्कटतो. तेव्हा चित्रातही टोकाजवळ सलग रेषा हवी, भोवरे वर. आता धुरामागे आधी काळा आणि मग पांढरा, उजेड पडलेला कागद धरा. काळ्यापुढे धूर निळसर दिसतो, पांढऱ्यापुढे किंचित तपकिरी. धुराचे बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून आरपार येणाऱ्या प्रकाशात निळा कमी उरतो. ढगातले थेंब त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठे असतात. ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून ढग पांढरा. जाड ढगाच्या तळापर्यंत प्रकाश कमी पोचतो, म्हणून तळ करडा.

तेव्हा ब्रशने ढग काढतानाही क्रम हाच ठेवावा: आधी मोठे, पुसट डाग, मग निम्म्या आकाराचे, अधिक फिके, बारीक तपशील शेवटी आणि तोही मुख्यतः कडांवर. विद्यार्थ्यांना आधी दहा मिनिटे आकाश पाहू द्यावे आणि मगच संगणक सुरू करू द्यावा.