डेक्कन क्वीनचं चीज टोस्ट गरमागरम, मग लांबच्या गाडीतलं जेवण कोमट का? रेल्वेच्या ताटामागचं गणित समजून घ्या

सोशल मीडियावर दर थोड्या दिवसांनी एक फोटो फिरतो. ॲल्युमिनियमच्या डब्यात पाणीदार डाळ, चिकटलेला भात, चामड्यासारख्या झालेल्या चपात्या आणि खाली रेल्वेच्या नावानं शिव्या. त्याच सोशल मीडियावर दुसराही फोटो फिरतो. खिडकीतून खंडाळ्याचा घाट, समोर टेबल आणि टेबलावर डेक्कन क्वीनचं चीज टोस्ट. खाली कमेंट, "सुख म्हणजे हेच!"

दोन्ही फोटो भारतीय रेल्वेचेच. मग एका गाडीत नाष्टा लोकांना आठवणीत राहण्याइतका आवडतो आणि दुसऱ्या गाडीत जेवण घशाखाली उतरत नाही, असं का होतं? दरवेळी त्याचं उत्तर 'भ्रष्टाचार' या एका शब्दात मिळत नाही. स्वयंपाक कुठे होतो, ताट तुमच्यापर्यंत यायला किती वेळ लागतो आणि त्या ताटाची किंमत कोण ठरवतं, या तीन गोष्टींत बरंचसं उत्तर आहे.

आधी डेक्कन क्वीनचा विषय

1 जून 1930 ला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं ही गाडी सुरू केली. सुरुवातीला ती शनिवार-रविवारी, घोड्यांच्या शर्यतींसाठी पुण्याला येणाऱ्या बड्या लोकांसाठी होती. सात डब्यांच्या दोन गाड्या बनवल्या होत्या. एक चंदेरी रंगाची, दुसरी निळी आणि तिच्यावर सोनेरी पट्टे. पुढे ती रोजची झाली आणि मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्या पुणेकरांची हक्काची गाडी बनली. आजही दर 1 जूनला पुणे स्टेशनवर केक कापून तिचा वाढदिवस साजरा होतो.

भारतातल्या नेहमीच्या प्रवासी गाड्यांमध्ये डायनिंग कार असलेली एकमेव गाडी अशी तिची ओळख आहे. डायनिंग कार म्हणजे टेबल-खुर्च्या मांडलेला डबा. तिथे जाऊन बसायचं, ऑर्डर द्यायची आणि समोर बनलेलं खायचं. जून 2022 मध्ये गाडीला नवे एलएचबी डबे लागले तेव्हाही रेल्वेनं डायनिंग कार काढली नाही. उलट आधी 32 जणांची सोय होती, ती 40 जणांची केली.

आता मुद्दा असा, की या डब्यात चीज टोस्ट, ऑम्लेट, कटलेट, बेक्ड बीन्स असे पदार्थ गाजले ते काही योगायोगानं नाही. हे सगळे पदार्थ पाच-दहा मिनिटांत होणारे आहेत. तव्यावरून थेट बशीत आणि बशीतून थेट तोंडात. गाडी पुण्याहून सकाळी सव्वासातला निघते आणि साडेदहाच्या आत मुंबईत पोहोचते. म्हणजे सकाळी फक्त नाष्टा आणि संध्याकाळी परतताना चहासोबतचं खाणं. पूर्ण जेवणाची जबाबदारीच नाही.

शिवाय इथे गिऱ्हाईक रोजचं आहे. पासधारक आज नाराज झाला तर उद्या सकाळी पुन्हा समोर उभा असतो. कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याला जी भीती असते, तीच इथेही चालते.

मग सगळ्या गाड्यांना डायनिंग कार का नाही?

कारण सरळ आहे. एक डबा टेबल-खुर्च्यांना दिला, की तेवढ्या सीटची तिकिटं गेली. ज्या देशात महिनोन् महिने आधी वेटिंग लिस्ट लागते, तिथे प्रत्येक गाडीमागे एक डबा जेवायला सोडणं रेल्वेला परवडत नाही.

म्हणून लांबच्या गाड्यांना पॅन्ट्री कार असते. डायनिंग कार आणि पॅन्ट्री कार यांत लोकांची गल्लत होते. पॅन्ट्री कार म्हणजे फक्त स्वयंपाकघर. तिथे बसून खायची सोय नसते, वेटर ताटं घेऊन डब्याडब्यातून फिरतो. ज्या गाडीला पॅन्ट्री कारही नाही, तिथे वाटेतल्या स्टेशनवरच्या किचनमधून डबे चढवले जातात.

हल्ली तर पॅन्ट्री कार असलेल्या गाडीतही सगळं जेवण गाडीतच शिजतं असं समजू नका. 2017 च्या केटरिंग धोरणानंतर रेल्वेनं जेवण बनवणं आणि जेवण वाढणं ही दोन कामं वेगळी करायला सुरुवात केली. स्वयंपाक आयआरसीटीसीच्या देखरेखीखालच्या बेस किचनमध्ये करायचा आणि पॅन्ट्रीत तो गरम करून वाटायचा, अशी ही कल्पना. त्यामागे सुरक्षेचाही विचार आहे. रेल्वेच्या डब्यात गॅस किती घातक ठरू शकतो, हे 26 ऑगस्ट 2023 ला मदुराईत दिसलं. यात्रेकरूंच्या एका खासगी डब्यात नियम मोडून नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागली आणि 9 जणांचा जीव गेला.

म्हणजे सुरक्षेसाठी चूल गाडीतून उतरली. पण त्यामुळे चूल आणि ताट यांच्यातलं अंतर वाढलं.

हे अंतर इतकं महत्त्वाचं का?

शिजवलेल्या अन्नाचं एक साधं शास्त्र आहे. साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअस या तापमानात जंतू वेगानं वाढतात. त्यामुळे अन्न एकतर वाफाळतं ठेवायचं, नाहीतर फ्रीजमध्ये. मधल्या कोमट अवस्थेत ते जितका वेळ राहील तितका धोका.

रेल्वेच्या डब्याचा प्रवास बघा. किचनमध्ये भात शिजला, डब्यात भरला, टेम्पोतून स्टेशनवर आला, प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघत थांबला, गाडी दोन तास लेट झाली, मग चढला आणि शेवटच्या डब्यापर्यंत पोहोचला. यातला कुठलाही एक टप्पा लांबला, तरी जेवण कोमट होतं. भाताचं तर आणखी अवघड. कोमट भातात वाढणारे काही जंतू असं विष तयार करतात, जे पुन्हा गरम केल्यावरही जात नाही. म्हणून 'गरम करून दिलं' म्हणजे 'सुरक्षित दिलं' असं नेहमीच होत नाही.

याचं उदाहरण पुण्यातच घडलंय. नोव्हेंबर 2023 च्या अखेरीस चेन्नईहून गुजरातमधल्या पालिताण्याला निघालेल्या भारत गौरव गाडीतल्या 40 च्या आसपास प्रवाशांना उलट्या, जुलाब आणि पोटदुखीचा त्रास सुरू झाला. रात्री गाडी पुणे स्टेशनवर आली तेव्हा डॉक्टरांचं पथक प्लॅटफॉर्मवर तयार ठेवावं लागलं. ही गाडी एका गटानं खासगीरीत्या बुक केली होती आणि जेवण आपण पुरवलं नव्हतं, असं रेल्वेनं सांगितलं. जेवण कोणाचंही असो, शेकडो लोकांचा एकत्र स्वयंपाक आणि चालती गाडी हे जोखमीचं काम आहे, एवढं यातून कळतं.

80 रुपयांत काय मिळायला हवं?

आता पैशांचं बघू. मेल-एक्सप्रेस गाड्यांमधल्या जेवणाचे दर रेल्वे मंत्रालय ठरवतं. साध्या शाकाहारी जेवणाचा दर स्टेशनवर 70 रुपये आणि गाडीत 80 रुपये. त्यात काय असावं तेही ठरलेलं आहे.

- साधा भात 150 ग्रॅम
- घट्ट डाळ किंवा सांबार 150 ग्रॅम
- दही 80 ग्रॅम
- 2 पराठे किंवा 4 चपात्या, 100 ग्रॅम
- भाजी 100 ग्रॅम
- लोणच्याचं पाकीट

यापेक्षा स्वस्त म्हणजे जनता खाना. 7 पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि लोणचं. स्टेशनवर 15 रुपये, गाडीत 20 रुपये. रेल नीरची लीटरभर पाण्याची बाटली सप्टेंबर 2025 पासून 14 रुपयांना झाली आहे.

हे दर 2019 च्या अखेरीस ठरले. त्यानंतर तेल, डाळी आणि गॅसचं काय झालं हे घर चालवणाऱ्या कुणालाही वेगळं सांगायला नको. वर ठेकेदाराला कंत्राट मिळवण्यासाठी रेल्वेला लायसन्स फी द्यावी लागते. बोली लावताना जो जास्त फी देईल त्याचं पारडं जड. म्हणजे ताटाची किंमत वरून बांधलेली, फी आधीच भरलेली आणि गिऱ्हाईक आज आहे, उद्या नाही. मग नफा कुठून काढायचा? डाळ पातळ करून, भाजी कमी वाढून, नाहीतर 80 चं ताट 120 ला विकून.

हे हवेतलं बोलणं नाही. कॅगनं जुलै 2017 मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात 74 स्टेशनं आणि 80 गाड्यांच्या तपासणीचे निष्कर्ष दिले होते. बिल न देणं, मेन्यू कार्ड नसणं, ठरलेल्यापेक्षा कमी वजनाचे पदार्थ, जास्तीचे पैसे, शुद्ध न केलेलं नळाचं पाणी पेयांसाठी वापरणं, उघडे कचऱ्याचे डबे, गाड्यांमध्ये उंदीर आणि झुरळं, हे सगळं त्यात नोंदवलेलं आहे. केटरिंगचं धोरण सारखं बदलल्यामुळे व्यवस्थेची घडी बसली नाही, यावरही कॅगनं बोट ठेवलं. 2010 च्या धोरणानं बरंचसं केटरिंग आयआरसीटीसीकडून काढून विभागीय रेल्वेकडे दिलं होतं आणि 2017 ला ते पुन्हा आयआरसीटीसीकडे आलं.

त्यानंतर बेस किचनमध्ये सीसीटीव्ही आले, जेवणाच्या पाकिटांवर क्यूआर कोड आले, बिल नाही तर पैसे नाहीत असा नियम आला. 2025 मध्ये रेल्वेनं संसदेत सांगितलं, की वर्षाला सुमारे 58 कोटी जेवणं दिली जातात आणि तक्रारींचं प्रमाण 0.0008 टक्के आहे. हिशेब केला तर वर्षभरात साडेचार हजारांच्या आसपास तक्रारी.

पण इथे थोडं थांबायला हवं. नाराज झालेल्या किती प्रवाशांनी खरोखर तक्रार नोंदवली असेल? बहुतेक जण डबा बाजूला सारतात, फोटो टाकतात आणि विषय संपवतात. सोशल मीडियावरचा प्रत्येक राग या आकड्यात येईलच असं नाही.

प्रत्येक गाडीत तेच ते पनीर का?

दुसरी तक्रार चवीची. पुण्याहून जम्मूला जा नाहीतर हावड्याला, ताट साधारण तेच. कारण एकच मेन्यू देशभर ठरवला, की वजन, दर आणि तपासणी सोपी होते.

नोव्हेंबर 2022 मध्ये रेल्वे बोर्डानं आयआरसीटीसीला यात मोकळीक दिली. स्थानिक पदार्थ, सणासुदीचे पदार्थ, मधुमेहींसाठीचं जेवण, लहान मुलांचं खाणं असं मेन्यूत घेता येईल असं ठरलं. फेब्रुवारी 2023 मध्ये पुण्यावरून जाणारी मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली, तेव्हा ज्वारीच्या भाकरीसारख्या इथल्या पदार्थांची चर्चा झाली ती यामुळेच.

खरंतर रेल्वेच्या वाटेवरची चव पूर्वी स्टेशनच सांभाळायची. कर्जतचा वडा घ्या. मुंबईहून येणाऱ्या गाड्यांना बोर घाट चढायला मागून जादा इंजिनं लावावी लागतात, कारण तिथला चढ 37 फुटांमागे 1 फूट इतका तीव्र आहे. ती इंजिनं कर्जतला लागतात म्हणून गाडी थांबते आणि गाडी थांबते म्हणून वडा खपतो. सतत खपतो म्हणून सतत ताजा तळला जातो. डेक्कन क्वीनच्या टोस्टचं गणित तेच कर्जतच्या वड्याचं.

मग कोथरूडकरांनी करायचं काय?

ऑगस्ट 2023 पासून वनाजहून मेट्रोत बसलं की थेट पुणे स्टेशनला उतरता येतं, त्यामुळे रिक्षाचा प्रश्न बराचसा मिटला. डब्याचा प्रश्न मात्र उरतोच.

पहिला पर्याय आजीचा. दशमी, मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची चटणी, सुकी बटाट्याची भाजी. या पदार्थांत पाणी कमी आणि तेल-मीठ बऱ्यापैकी असतं, म्हणून ते वरण-भातापेक्षा जास्त टिकतात. पहिल्या दिवसाची सोय यात होते. रसभाजी आणि भात मात्र लवकर संपवायचा.

दुसरा पर्याय ई-केटरिंग. झेलम किंवा आझाद हिंदनं निघालात, तर पीएनआर टाकून पुढच्या मोठ्या स्टेशनवरच्या हॉटेलातून जेवण सीटवर मागवता येतं. ऑर्डर आयआरसीटीसीच्या अधिकृत ॲपवरूनच करा.

तिसरी गोष्ट तिकिटाची. राजधानी, शताब्दी, दुरांतो, वंदे भारत यांचं तिकीट काढताना जेवणाचा पर्याय विचारला जातो. नको असेल तर 'नको' निवडा, तेवढे पैसे वाचतात.

आणि पॅन्ट्रीतून घेतलंच, तर दर आधी विचारा, बिल मागा, पाकिटावरची वेळ बघा. बिल मिळालं नाही तर पैसे देऊ नका. जेवण खराब निघालं, तर फोटो इन्स्टाला टाकण्याआधी 139 ला फोन करा किंवा रेल मदद ॲपवर पीएनआरसह तक्रार टाका. गाडी चालू असतानाच केलेली तक्रार त्या ठेकेदारापर्यंत पोहोचते आणि दंडाची वेळ आली तर तीच कामाला येते.

डेक्कन क्वीनच्या ठेकेदाराला रोजच्या पासधारकाची भीती असते. लांबच्या गाडीत तो रोजचा पासधारक नसतो. तिथे त्याची जागा फक्त नोंदवलेली तक्रारच घेऊ शकते.