नेम धरणारा डोळा आणि तीक्ष्ण डोळा

कोपरगावच्या बेटातील शुक्राचार्यांचे मंदिर आमच्या वाचकांस परिचित आहे. बळीराजाचे दान अडविण्यासाठी झारीच्या तोटीत शिरलेल्या या गुरूंचा एक डोळा दर्भाच्या टोकाने गेला, ही कथाही सर्वश्रुत आहे. परंतु ज्यांचे दोन्ही डोळे शाबूत आहेत ते आम्ही तरी दोहोंचा उपयोग सारखाच करतो काय?

प्रयोग सोपा आहे. गोदावरीच्या काठी उभे राहून दोन्ही हात पुढे लांब करावे, तळव्यांमध्ये रुपयाएवढी फट ठेवावी आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून तीतून पैलतीरावरील एखादे झाड न्याहाळावे. मग आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. एक मिटला तरी झाड जागच्या जागी राहते. दुसरा मिटताच ते नाहीसे होते. जो मिटल्याने ते नाहीसे झाले, तो आपला प्रधान डोळा. सुमारे दोनतृतीयांश लोकांचा तो उजवा असतो. डावखुऱ्यांचा डावाच असेल असा मात्र नेम नाही. इटलीतील पोर्ता नामक पंडिताने १५९३ सालीच या विषयाचा उल्लेख केला आहे.

प्रधान तोच तीक्ष्ण, अशी आमचीही समजूत होती. प्रयोगात मात्र ज्या डोळ्यास मोठ्या नंबराचे भिंग लागते, तोच प्रधान ठरला! तीक्ष्णता ही डोळ्याच्या आतील पडद्यावर प्रतिमा किती रेखीव पडते व तो पडदा ती किती बारकाईने टिपतो, यांवर अवलंबून असते. हॉलंडातील स्नेलेन यांनी १८६२ साली काढलेला अक्षरतक्ता तीच मोजतो. प्राधान्य ही मेंदूची निवड होय. नजर फार डावीकडे वळविली, तर एरवी उजवा पसंत करणारा मेंदूही कित्येकदा डाव्याकडे वळतो. निरोगी डोळ्यांत या दोन गुणांचे नाते फारच सैल असते.

नेमबाजास मात्र ही निवड ओळखावीच लागते. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनी २०२४ साली पॅरिस येथे ५० मीटर रायफलीत कांस्यपदक मिळविले. त्या खेळात नेम एकाच डोळ्याने धरतात, म्हणून पुष्कळ नेमबाज दुसऱ्यापुढे लहानशी पट्टी लावतात. बंदूक उजव्या खांद्याला आणि प्रधान डोळा डावा, अशी जोडी पडली की नवशिक्याची फार तारांबळ उडते.

परंतु पालकांनी लक्ष द्यावे अशी गोष्ट निराळीच आहे. लहानपणी एका डोळ्याचा नंबर दुसऱ्याहून फार अधिक असला, किंवा तो तिरळा असला, तर मेंदू त्याचे चित्र टाकून देऊ लागतो आणि त्याची दृष्टी वाढतच नाही. यास आळशी डोळा म्हणतात. येथे निवड आणि तीक्ष्णता यांची खरीखुरी गाठ पडते. मूल तक्रार करीत नाही, कारण चांगला डोळा सर्व कामे निभावून नेतो. उपाय म्हणजे योग्य चष्मा, आणि वैद्य सांगतील तितके तास चांगल्या डोळ्यावर पट्टी. सात वर्षांच्या आत त्याचा गुण उत्तम येतो. घरी एकेक डोळा तळहाताने झाकून भिंतीवरील दिनदर्शिका वाचावयास सांगावी. एक डोळा झाकला असता मूल खुशाल वाचते व दुसरा झाकताच हात दूर सारू लागते, असे दिसल्यास त्याच आठवड्यात नेत्रवैद्याकडे न्यावे.