पतसुधारणेच्या काळातील अनपेक्षित पतचौकशी : हिंदमाता परिसराच्या संदर्भात

दादर पूर्वेस डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावरील हिंदमाता परिसर मुंबईकरांस दोन गोष्टींमुळे परिचित आहे : कापडबाजार आणि पावसाळ्यात तुंबणारे पाणी. दुकानात पाणी शिरले की माल भिजतो, कर्जाचा हप्ता थकतो व त्याची नोंद पतअहवालात होते. हप्ता पुरामुळे थकला की हलगर्जीपणामुळे, हे त्या नोंदीवरून कळत नाही. अशा रीतीने घसरलेली पत सावरू पाहणाऱ्या व्यापाऱ्यास आपल्या अहवालात अनोळखी वित्तसंस्थांच्या चौकश्या आढळू शकतात. त्या कशा उद्भवतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सिबिल ही संस्था २००० साली स्थापन झाली. पुढे २००५ च्या अधिनियमाने पतमाहितीच्या व्यवहारास कायद्याची चौकट लाभली. सिबिलचा गुणांक ३०० ते ९०० या दरम्यान असतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने तो घटत नाही. कर्जाच्या अर्जावरून वित्तसंस्थेने अहवाल मागविल्यास मात्र चौकशीची नोंद होते. एका चौकशीचा परिणाम अल्प असतो. थकलेल्या हप्त्याशी त्याची तुलनाच नाही. परंतु थोड्या काळात अनेक नोंदी साचल्या तर अर्जदार कर्जासाठी दारोदार फिरत आहे, असा अर्थ लावला जातो. पत आधीच दुबळी असेल तर हे अधिक जाचक ठरते.

समजा, दिवाळीचा माल भरण्यासाठी एखादा साडीविक्रेता कर्ज मिळवून देणाऱ्या एजंटाकडे गेला. त्याने एकाच अर्जावर सही केली. एजंटाने तो पाच संस्थांकडे पाठविला. दुकानदाराने कर्ज एकदाच मागितले, अहवालात ते पाचदा मागितलेले दिसते. ‘बिनव्याजी’ हप्त्यावर घेतलेला मोबाइल, कर्ज देणारे अ‍ॅप किंवा मेहुण्यास राहिलेला जामीन यांतूनही चौकशी उद्भवू शकते. पुष्कळदा संमती दिलेली असते. ती कोणास दिली, हे ठाऊक नसते. (बारीक अक्षरांतील अटी आपण प्राध्यापकही वाचत नाही, हे मान्य केले पाहिजे.) प्रस्तुत लेखकाच्या मते मूळ दोष संमती घेण्याच्या या पद्धतीत आहे.

रिझर्व्ह बँकेच्या २०१६ च्या आदेशानुसार प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकांमुळे वित्तसंस्थेने अहवाल पाहिल्यास एसएमएस अथवा ई-मेलद्वारे सूचना देणे, तसेच तक्रार ३० दिवसांत न सुटल्यास प्रतिदिन १०० रुपये भरपाई देणे बंधनकारक झाले. अनोळखी चौकशी दिसताच त्या वित्तसंस्थेकडे संमतीचा पुरावा लेखी मागावा. पुरावा नसल्यास पतमाहिती कंपनीकडे हरकत नोंदवावी. आपल्या पॅन क्रमांकाचा गैरवापर झाल्याचा संशय असल्यास पोलिसांतही जावे. संमती खरी निघाल्यास नोंद पुसून मिळत नाही. अशा वेळी काही महिने नवा अर्ज न करता चालू हप्ते वेळेवर भरणे, एवढेच हाती उरते. आणि पुढील खेपेस एजंटाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी तो कोणकोणत्या संस्थांकडे जाणार, त्यांची नावे त्यावरच लिहून घ्यावीत.